गुरांना घालू नये

टिप्या मेला तो २०१६ सालच्या जुलैत. तो कशानं मेला हे मला तेविसाव्या दिवशी कळलं. गावाला कळायला पुढं सहा वर्षं गेली, कारण मी सांगितलं नाही.

आमचं गाव वाई तालुक्यात, कृष्णेपासून जरा आत. घर गावाच्या कडेला, मळ्याच्या तोंडाशी. परसाला कुंपण कण्हेरीचं, वडिलांनी लावलेलं. कण्हेरच का, तर शेळी तिला तोंड लावत नाही. बाभळीचे काटे पायात मोडतात, निवडुंग पसरतो, कण्हेर मुकाट्यानं उभी राहते आणि वर फुलंही देते. आता महामार्गानं जाताना दुभाजकावर गुलाबी कण्हेर फुललेली दिसते, तिथंही तेच गणित आहे. जनावर खात नाही म्हणून लावलेलं झाड. जनावर का खात नाही, याचा विचार गाडीतला माणूस करत नाही.

विहिरीपाशी बिट्टीचं झाड होतं, म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या बियांनी आम्ही पोरं खेळायचो. आजी पडवीतूनच ओरडायची, "तोंडात घालू नगासा रं, मराल!" उकिरड्यावर धोतरा उगवायचा, त्याची काटेरी बोंडं महाशिवरात्रीला देवळात जायची. बांधावर एरंड होता. त्याचं पान गरम करून आजीच्या गुडघ्याला बांधायचं, आणि त्याच्याच बीचं तेल आमच्या नरड्याखाली ओतायचं. नाक दाबून. एरंडेल प्यायलेला माणूस एरंडाला विसरत नाही.

म्हणजे विष घराच्या चारी बाजूंनी होतं आणि त्याची भीती कुणाला नव्हती, कारण कशात काय आहे ते ठाऊक होतं. वडिलांची तर अख्खी यादी तोंडपाठ. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी गाईला दाखवायची नाही. कण्हेरीची छाटणी गोठ्याच्या बाजूला टाकायची नाही, वाळलेल्या पानातही विष राहतं. पेंड घालायची ती शेंगदाण्याची, सरकीची. एरंडीची पेंड गुराला चालत नाही, ती शेताला.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ते वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून ऐकत आलो होतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौतीस वर्षं मास्तरकी करून २०१३ साली मी घरी आलो. रिकामा मास्तर म्हणजे गावाला ताप. कुणाला काही ना काही शिकवत बसतो. त्यापेक्षा बरं म्हणून परसात सहा लिंबं लावली, पुढच्या अंगणात गुलाब. टिप्या त्याच सुमारास आला. आला म्हणजे, शाळेमागच्या पडक्या खोलीत कुत्री व्याली होती, त्यातलं एक पिल्लू माझ्या सायकलमागं चालत आलं आणि राहिलं. पांढरा, पाठीवर एक काळा ठिपका, म्हणून टिप्या. त्याला साखळी कधी लावली नाही. आमच्याकडं कुत्रं पाळतात म्हणजे त्याला हाकलत नाहीत. भाकरी टाकतात, ते दारात पडून राहतं, रात्री भुंकतं. एवढाच करार.

मी खुरपं घेऊन परसात गेलो की तो मागं. मी आळं केलं की तो शेजारी उकरायचा. मी हटकलं की थांबायचा, आणि पाठ फिरली की पुन्हा सुरू. मला त्याचं हसू यायचं. हिला यायचं नाही, कारण पायांचा चिखल ओटीवर यायचा.

शेजारी अण्णांचा मळा. अण्णा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आमच्या दोघांत बांधाचं भांडण होतं. दीड-दोन फुटांचं. मोजणी झाली, खुणेचे दगड बसले, तरी मनातला बांध काही हलला नाही. टिप्या अण्णांवर हटकून भुंकायचा. कुत्र्याला भांडण कळतं की नाही देव जाणे, पण मालक कुणाकडं कसा बघतो हे त्याला बरोबर कळतं. एकदा बांधावरून जाताना तो त्यांच्या धोतराला झोंबला. अण्णा काठी उगारून ओरडले, "मास्तर, ह्येला आवर! न्हाईतर येक दिस बघतोच ह्येच्याकडं!" रस्त्यावर चार माणसं होती. त्यांनी ऐकलं.

त्या जुलैत पाऊस वेळेवर झाला. तालुक्याच्या दुकानातून मी लिंबांसाठी एरंडीच्या पेंडीचं पोतं आणलं, सोबत थोडा हाडांचा चुरा. दोन्ही कालवलं, आळ्यांत वीतभर खोल घातलं, वर माती ओढली. हात बादलीत धुतले आणि चहा प्यायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी टिप्या भाकरीला उठला नाही. दुपारी ओकायला लागला. संध्याकाळी रक्ताची हगवण. पोट आत ओढून तो जात्याच्या खोलीत कोपऱ्यात जाऊन बसला. कुत्रं असं अंधारात जाऊन बसलं की आमच्याकडं जुनी माणसं मान हलवतात. कुणी म्हणालं ताक पाजा, कुणी म्हणालं तूप. मी मिठाचं पाणी पाजलं. जबडा हातानं उघडून. त्यानं मला चावायचा प्रयत्नही केला नाही.

सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. मिठाच्या पाण्याचं ऐकून चिडले. म्हणाले, "मास्तर, त्या मिठानंच कुत्रं दगावतं. आणि निपचित पडलेल्याच्या तोंडात काही ओतलं की ते छातीत जातं." मग विचारलं, "काय खाल्लं होतं यानं?"

मी म्हणालो, "काही नाही. कुणीतरी घातलं असणार."

हे मी खोटं बोललो नाही. मला तसंच वाटत होतं. गावात कुत्रं ओकून मेलं की पहिला विचार तोच येतो, आणि त्याला कारणंही आहेत. भाकरीत विष घालून कुत्री मारलेली आमच्या पिढीनं पाहिली आहेत. भटक्या कुत्र्याला स्ट्रिक्निनचं, म्हणजे काजऱ्याच्या बीतल्या विषाचं इंजेक्शन हृदयात देऊन मारू नये, असं १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं, यावरून काय ते समजा. तेव्हा माझा संशय हवेतला नव्हता. फक्त तो फार लवकर आला, आणि आला तो थेट अण्णांच्या मळ्यात जाऊन बसला. मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. धमकी ऐकलेली चार माणसं गावात होतीच.

तिसऱ्या दिवशी पहाटे टिप्या गेला. मी त्याला लिंबांच्या ओळीच्या टोकाला पुरला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उरलेली पेंड गुलाबांना घालायला काढली. पोतं उलटं केलं तर तळाशी बारीक अक्षरात छापलेलं: जनावरांना खाऊ घालू नये. मी ते वाचलं, आणि हातातली पाटी खाली ठेवून परसात गेलो. तिसऱ्या लिंबाच्या आळ्यात एका बाजूनं खड्डा होता. पावसानं त्याच्या कडा ढासळल्या होत्या, गवत आलं होतं, पण उकरलेलं ते उकरलेलंच दिसत होतं. तेवीस दिवस मी त्या झाडाला पाणी घालत होतो.

डॉक्टरांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग समजावून सांगितलं. एरंडाच्या बीत रायसिन नावाचं विष असतं. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून घाण्यातून निघालेलं एरंडेल पोराला पाजता येतं, आणि विष मागं चोथ्यात, पेंडीत राहतं. भरपूर उष्णता दिली तर ते मोडतं, पण पोत्यातल्या पेंडीला ती पुरेशी मिळाली आहे की नाही हे तुम्ही-आम्ही बघून सांगू शकत नाही. त्यावर उतारा नाही. खाल्ल्याबरोबर, पहिल्या तास-दोन तासांत जनावर डॉक्टरच्या हाती पडलं तर ओकवता येतं, कोळशाची पूड देता येते. पण लक्षणंच बऱ्याचदा उशिरा दिसतात, कधी दुसऱ्या दिवशी. "आणि तुम्ही त्यात हाडांचा चुरा कालवला," ते म्हणाले. "कुत्र्याला ताटच वाढलं की."

पुढं मुलानं मला दाखवलं की १९७८ साली लंडनमध्ये गिऑर्गी मार्कोव्ह नावाच्या बल्गेरियन लेखकाचा खून झाला, तो याच विषानं केल्याचं मानलं जातं. टाचणीच्या माथ्याएवढ्या गोळीतून. केवढी कारस्थानं लागली असतील त्याला. माझ्याकडं ते पोत्यानं आलं होतं, पावतीसकट.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत? तुम्हाला ठाऊक नव्हतं. मनात नसताना घडलं त्याचं पाप लागत नाही."

हे मला पटावं असं फार वाटत होतं. पण चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलो होतो. "गुरुजी, मला माहीत नव्हतं," म्हणणाऱ्या पोराला मी काय म्हणायचो? "विचारलं का नाहीस?" आणि इथं तर विचारायचंही नव्हतं. एरंडीची पेंड जनावराला चालत नाही, हे मला वयाच्या आठव्या वर्षी ठाऊक होतं. तीच पेंड, तेच विष. मग कुत्र्याच्या बाबतीत ते आठवलं का नाही?

यावर मी बरेच दिवस घालवले आणि मला सापडलेलं उत्तर फारसं चांगलं नाही. आमच्या वडिलांच्या यादीत बैल होता, गाय होती, म्हैस होती, शेळी होती. कुत्रं नव्हतं. बैल मेला तर पेरणी बसायची, गाय मेली तर दूध जायचं. कुत्रं मेलं तर दुसरं यायचं. ज्याच्या मरणाचा तोटा हिशेबात धरायचा, त्याच्यापुरतंच आम्ही विष ओळखायला शिकलो होतो. मला माहिती नव्हती असं नाही. ती माहिती कुणाला लागू करायची, हे ठरलेलं होतं. ते ठरवणाऱ्यांत मी नव्हतो, पण पुढं चालवणाऱ्यांत होतो. आणि हे त्या मुलखात, जिथं खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे, दत्ताच्या तसबिरीत चार आहेत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट मी दर वर्षी चौथीला रंगवून सांगत असे.

आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. गाय-शेळी कण्हेर टाळते, कारण कडू. रानातल्या जनावराचं रान त्याला शिकवतं. पण त्या आळ्यातल्या मातीला माझ्या हाताचा वास होता. टिप्याला भाकरी देणारा हात आणि तिथं काहीतरी पुरणारा हात एकच. त्यानं तिथं उकरलं नसतं तरच नवल.

असो. हा झाला टिप्याचा हिशेब. अण्णांचा राहिला.

पोत्यावरची अक्षरं वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीत दूध घालायला गेलो. रांग होती. अण्णा काट्यापाशी होते. मागून एक तरणा पोरगा म्हणाला, "अण्णा, कुत्र्याला काय घातलंसा त्ये आमास्नी बी सांगा की. उंदरं लई झाल्यात घरात." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी किटलीचं झाकण काढत होतो. ते निघत नव्हतं असं मी दाखवलं.

टिप्या गेला तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे हिचं म्हणणं मी मान्य करीन. डेअरीत मात्र माझ्या मनात सगळं होतं. सांगितलं तर मास्तर गावात हसू होतील. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं आणि स्वतः पोत्यावरची ओळ वाचली नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, बांधाचं भांडण होतंच. दीड फूट जमिनीची भरपाई मी त्या झाकणाशी खटपट करत वसूल करत होतो.

पुढं दिवस गेले. गोष्ट गावात मुरली. अण्णांना कुणी वाळीत टाकलं नाही, तसलं काही झालं नाही. फक्त कुणाचं कुत्रं हरवलं की एखादा हळूच म्हणायचा, "अण्णास्नी इचारा."

मी परसात मात्र फेरफार केले. पेंड पत्र्याच्या पिंपात, झाकण घट्ट. नंतर एरंडीची पेंड आणणंच बंद केलं, शेणखतावर लिंबं चालतात. बिट्टीचं झाड तोडलं. त्यावरून हिचं आणि माझं वाजलं. देवाची फुलं कुठून आणायची? पण तोवर आमच्या परसात एक उपरी कुत्री येऊन व्याली होती, आणि पिल्लं पडलेल्या बिट्ट्या तोंडात धरून पळवापळवी करत होती. बिट्टी असो की कण्हेर, विष काळजावर जातं. कुत्री माझी नव्हती, पिल्लं माझी नव्हती. हिनं विचारलंसुद्धा, "गावातली सगळी कुत्री तुम्हीच जगवणार का?" मला याचं नेमकं उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. एवढंच कळत होतं की झाड माझं आहे. कण्हेरीचं कुंपण ठेवलं. ती कडू, मोठं कुत्रं सहसा खात नाही, आणि सगळंच विषारी उपटायचं तर परसात काय राहणार? पण छाटणी आता खड्ड्यात पुरतो. जाळत नाही, तिचा धूरही वाईट. आणि फुलांच्या तांब्यातलं पाणी कुत्र्याच्या भांड्याजवळ ओतत नाही.

२०२२ साली मुलानं पुण्याकडं घर बांधलं. वास्तुशांतीला गेलो. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या कुंड्या, त्यात सायकस. ताडाच्या पिल्लासारखं दिसतं, ताड नव्हे. हल्ली बंगला म्हटलं की सायकस आलाच. टिप्यानंतर मी या विषयावर सापडेल ते वाचत असे, त्यामुळं बघताक्षणी पोटात गोळा आला. सायकसचं सगळंच विषारी, बी सर्वांत जास्त, आणि ते कुत्र्याचं यकृत निकामी करतं. ओकारी होते, मग एक-दोन दिवस बरं वाटल्यासारखं होतं, आणि मग डोळे पिवळे. आणि त्याच फाटकात मुलाचा लॅब्रेडोर लोळत होता. त्यानं त्या आठवड्यात एक पायमोजा आणि टीव्हीच्या रिमोटचं झाकण गिळलं होतं.

मी म्हणालो, "ही झाडं इथून हलवा." मुलगा म्हणाला, "दादा, नर्सरीवाल्यानं तर काही सांगितलं नाही. आणि बी कुठं आलंय त्याला?" मग मला सांगावंच लागलं. पेंड, हाडांचा चुरा, खड्डा, पोतं. सहा वर्षांनी पहिल्यांदा हिच्याशिवाय कुणाला तरी. सूनबाई ऐकत होती. तिनं कुत्र्याला पट्टा धरून आत नेलं, बाहेर येऊन म्हणाली, "दादा, मग त्या शेजारच्या अण्णांना तुम्ही सांगितलं ना?"

सायकसच्या कुंड्या त्याच संध्याकाळी गच्चीवर गेल्या, आणि गच्चीच्या दाराला कडी लागली. माझं काम राहिलं होतं.

गावी आल्यावर तिसऱ्या दिवशी गेलो. दोन दिवस काय केलं ते विचारू नका. अण्णा ओसरीवर बसले होते. ऐकू कमी येत होतं, म्हणून जे हळू सांगायचं ते मला मोठ्यानं सांगावं लागलं. सूनबाई आतून डोकावून गेली. सगळं सांगून झालं. अण्णा म्हणाले, "मी न्हाई घातलं, ह्ये मला ठावं हुतं. त्यात नवं काय सांगितलंस?"

मी गप्प.

"तुला कवा कळलं?"

"तेविसाव्या दिवशी."

"आन डेरीत त्यो पोरगा बोलला तवा?"

"कळलं होतं. आदल्या दिवशीच."

त्यांनी पान जुळवायला घेतलं. चुना लावला, सुपारी कातरली. माझ्यापुढं पान केलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मला हितं कशापायी सांगतोस? मला सांगून कुणाला कळणार? डेरीत सांग. सात वाजता. समदी आसत्यात तवा."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच गेलो. अण्णा नातवाच्या गाडीवर आले, कॅन पुढ्यात धरून. तो तरणा पोरगाही होता. आता त्याला दोन मुलं आहेत. मी माझी किटली काट्यावर ठेवली आणि तिथंच उभं राहून सांगितलं. वर्गात बोलायचो तसं बोलायला गेलो, पण आवाज निघाला तो वेगळाच. कुणी हसलं नाही. मग एक जण म्हणाला, "मास्तर, म्हंजी गेल्या साली आमचा राजा मेला तवा बी आमी डाळिंबास्नी हीच पेंड टाकलीती. आमी म्हनलं सापच चावला." दुसऱ्यानं विचारलं, निंबोळीच्या पेंडीचं काय? मग एकदम चार-पाच जण बोलायला लागले. पोती कुठं ठेवायची, पोतं फुटलं तर काय, कुत्र्यानं खाल्लंच तर डॉक्टरकडं जाताना पोत्यावरचा कागद न्यायचा का. मी म्हणालो, न्यायचा, आणि किती वाजता खाल्लं तेही सांगायचं.

तो तरणा पोरगा अण्णांजवळ जाऊन उभा राहिला. काही बोलला नाही. त्यांच्या हातातला कॅन घेऊन त्यानं काट्यावर ठेवला. अण्णांनी वाकून आकडा बघितला आणि आतल्या माणसाला विचारलं, "फॅट किती लागली रं?"